नवऱ्याचं आधीचं लग्न लपवलं होतं : विवाह रद्द करून घेण्याचा माझा अनुभव

नवऱ्याचं आधी एक लग्न झालंय हे कळल्यावर वकीलबाईंनी पहिलं विचारलं, “त्याचा पहिला घटस्फोट तुमच्या लग्नाआधी झाला होता का?” सगळी केस या उत्तरावर ठरते. झाला नसेल तर हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 11 प्रमाणे लग्न मुळातच शून्य, म्हणजे कायद्याने झालेलंच नाही, आणि त्या अर्जाला एक वर्षाच्या मुदतीची अट नाही. झाला असेल पण लपवला असेल, तर कलम 12(1)(सी) : महत्त्वाची गोष्ट दडवून मिळवलेली संमती. माझी केस या दुसऱ्या प्रकारची. त्यामुळे आधी त्याच्या पहिल्या घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची (न्यायालयाच्या निकालाची) प्रमाणित प्रत मिळवली.

कलम 12 मधली मुदतीची अट मात्र फार कडक आहे. फसवणूक कळल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज हवा, आणि कळल्यानंतर राजीखुशीने एकत्र राहिलेलं चालत नाही. घरची मंडळी “जरा सांभाळून घे” म्हणतात, मुलगी पुन्हा नांदायला जाते, आणि चांगली केस तिथेच बुडते. मायबाप मंडळींनो, निदान वकिलाला विचारेपर्यंत तिला परत पाठवू नका. कधी, कुठे, कोणाकडून कळलं हे अर्जात तारखेनिशी लिहावं लागतं. उलटतपासणीत सगळा रोख त्याच परिच्छेदावर असतो. घटस्फोटासाठी लग्नाला वर्ष व्हावं लागतं, तसं इथे नाही.

अर्ज कौटुंबिक न्यायालयात करायचा. जिथे ते नाही तिथे दिवाणी न्यायालयात. पत्नी स्वतः राहते तिथे, म्हणजे माहेरच्या गावीही, अर्ज करू शकते. सोबत विवाह नोंदणीचा दाखला, पत्रिका, फोटो. माझ्या केसमध्ये सर्वांत उपयोगी पडला तो स्थळाचा बायोडेटा : त्यात ‘प्रथम विवाह’ असं छापलेलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश द्यायचे तर नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ आपण भरायचा, भाग ब तज्ज्ञाने. मूळ फोन विकू नका, फॉरमॅटही करू नका.

मग नोटीस, समुपदेशकांसमोर बैठक, समोरच्याची कैफियत (लेखी उत्तर), पुराव्याचं प्रतिज्ञापत्र, उलटतपासणी. सुनावणी बंद दाराआड होते. सामनेवाला हजर झालाच नाही तरी पुरावा द्यावाच लागतो.

“दोघंही तयार आहोत, मग लगेच रद्द होईल ना?” असं बरेच जण विचारतात. नाही. संगनमताने केलेला कलम 12 चा अर्ज न्यायालय फेटाळतं. परस्पर संमतीचा रस्ता घटस्फोटाचा आहे, कलम 13-बी.

लग्न रद्द झालं तरी त्या लग्नातली मुलं कलम 16 प्रमाणे औरसच (कायदेशीर संततीच) राहतात. कायमची पोटगी कलम 25 खाली मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2025 मध्ये शून्य विवाहांबाबतही हे स्पष्ट केलं आहे. पोटगीची मागणी पहिल्याच अर्जात घाला, आणि स्त्रीधनाची यादी पावत्यांसह वकिलाकडे तेव्हाच द्या.