नंदवाळच्या वाटेवर गीतरत्न

गेल्या वर्षी आषाढीच्या पहाटे काकींनी आमचं दार वाजवलं, तेव्हा मी जागीच होते, पण उठले नाही. आमचे हे जाऊन चार महिने झाले होते. "अगं, नंदवाळला येतीस न्हवं? नुसती चल की संगं," एवढं त्या दाराबाहेरून म्हणाल्या. थोडा वेळ थांबल्या, मग त्यांच्या चपला जिना उतरत गेल्या. पाच-दहा मिनिटांनी मला राहवलं नाही. उठून कडी काढली, तर जिन्यात कुणीच नव्हतं. खाली रस्त्यावर टाळ लांब लांब जात होते.

यंदा काकी यायच्या आधीच मी दारात उभी राहिले.

आम्ही ख्रिस्ती. 1852 साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले, त्यानंतरच्या पिढ्यांत आमचं घराणं मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये आलं. काकी माळकरी. 2019 च्या महापुरात त्यांचं शुक्रवार पेठेतलं घर पाण्यात गेलं, तेव्हा आठ दिवस त्या आमच्याकडे राहिल्या, आणि पुढे लेकानं आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्यानं घर घेतलं. त्या आठ दिवसांत रोज संध्याकाळी ह्यांचं शास्त्रवाचन झालं की काकी त्याच दिव्याखाली हरिपाठ म्हणायच्या. हे मांडी घालून शेवटपर्यंत ऐकायचे.

"तू? दिंडीत?" नणंदेनं फोनवर विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी म्हटलं, काकींबरोबर चालायला जातेय, माझं नमन जिथं आहे तिथंच आहे. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. त्या पुलावर आपण एकदाही पाय ठेवायचा नाही, हे मला कधीच पटलं नाही.

मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून पालखी निघाली. ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही, त्यांच्यासाठी कोल्हापूरजवळचं नंदवाळ हेच पंढरपूर. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, शाळेची पोरं, तालमीतली पोरं, रेनकोट घातलेल्या आज्या, सगळे त्यात होते. खंडोबा तालमीपाशी उभं रिंगण झालं. मला अभंग निम्मेच येत होते, म्हणून मी टाळ्यांवर होते आणि मनात गीतरत्न चाललं होतं.

गीतरत्न हे पवित्र शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, अवघ्या आठ अध्यायांचं, 117 वचनांचं पुस्तक. त्यात आज्ञा नाही, उपदेश नाही, देवाचं नावही सरळ कुठं येत नाही. एक तरुणी आणि तिचा वल्लभ, द्राक्षमळे, मेंढरं, डाळिंबं, केस, ओठ, रात्रीची शोधाशोध, बस. लहानपणी शब्बाथ शाळेत आमच्या बाई उपदेशक संपलं की पानं उलटून थेट यशयावर यायच्या. मधली चार पानं आम्ही चोरून वाचायचो. पुढं मोठेपणी अर्थ सांगितला गेला तो असा: वल्लभ म्हणजे ख्रिस्त, वधू म्हणजे मंडळी, म्हणजे तू-मी. प्रेषित पौलानं इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात नवरा-बायकोचं नातं सांगता सांगता ख्रिस्त आणि मंडळीचं गूज सांगितलंच आहे. यहुदी लोक हेच पुस्तक वल्हांडणाच्या सणात वाचतात; त्यांच्या लेखी ती वधू म्हणजे मिसरातून (इजिप्तमधून) सोडवून आणलेलं इस्राएल. अर्थ खरा आहे. पण तो इतक्या घाईनं सांगतात की डाळिंबातला रस निघून जातो आणि हातात नुसती साल राहते. पोरीनं खरोखर कुणावर तरी जीव टाकलाय, हे आधी अंगाला जाणवल्याशिवाय तिच्यात मंडळी कुठून दिसणार?

पाचवा अध्याय मी या वर्षभरात किती वेळा वाचला, मोजलेलं नाही. रात्र आहे, ती निजलीय पण मन जागं आहे. तो दार ठोठावतो, त्याचे केस दवानं भिजलेत. ती आतून म्हणते, मी वस्त्र काढून ठेवलंय, पाय धुतलेत, ते आता परत कसे मळवू? तो कडीच्या भोकातून हात घालतो. तिचं काळीज हलतं, ती उठते, बोटांवरचा गंधरस कडीवर ठिबकतो, दार उघडतं, आणि तो निघून गेलेला असतो. मग ती तशीच रस्त्यावर धावते. पहारेकरी तिला मारतात, तिची ओढणी काढून घेतात. तरी ती यरुशलेमेच्या कन्यांना निरोप देते तो एवढाच की, तो भेटला तर त्याला सांगा, मी प्रेमानं आजारी आहे.

हे गेल्यावर मला प्रार्थना येईनाशी झाली होती. गुडघे टेकायचे, पण शब्द फुटायचा नाही. भेटायला येणारे म्हणायचे, विश्वास धर. माझा विश्वास गेलेलाच नव्हता. फक्त दार उघडलं की समोर कुणी नसायचं.

पुईखडीच्या माळावर गोल रिंगण झालं. घोडा सुटला तेव्हा काकींनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. पावसाची भुरभुर होती, चिखल घोट्यापर्यंत आला होता. तिथून पुढं निघालो तेव्हा माझ्या उजव्या चपलेचा अंगठा तुटला. चप्पल पिशवीत टाकली आणि अनवाणीच चालू लागले.

वाशीच्या अलीकडं रस्त्याकडेच्या एका घरासमोर एक बाई पाटावर बसली होती. शेजारी पितळी घागर, हातात तांब्या. येईल त्याचे पाय ती धूत होती. माझी पाळी आली तशी मी पाय मागं ओढला. "माझे नकोत, अहो, मी..." पुढचं मला सांगता येईना. "पाय पुढं करा की ओ माउली," ती वर न बघताच म्हणाली. कोमट पाणी होतं, मुद्दाम तापवून आणलेलं. तिनं अंगठ्यानं माझ्या बोटांच्या बेचक्यांतला चिखल काढला, टाचेच्या भेगेवरून हात फिरवला. करंगळीपाशी थांबली. "फोड आलाय वं. दुखतंय न्हवं?" मनगटात हिरव्या चार बांगड्या, त्यातली एक पिचलेली, दोऱ्यानं बांधलेली. मग तिनं त्या ओल्या पायांवर कपाळ टेकलं.

मला पेत्र आठवला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा पेत्र असाच पाय आखडून घेतो: माझे तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. आणि प्रभू म्हणतो, मी तुला धुतलं नाही तर तुझा माझ्याबरोबर वाटा नाही. त्या वधूनं आपले पाय आपणच धुतले होते, म्हणून तिला ते जपावेसे वाटले. माझे आता दुसऱ्या कुणी धुतले होते, आणि पाचच पावलांवर ते परत चिखलात गेले. त्याचं मला काहीच वाटलं नाही. मी रडत होते, पावसात ते कळत नव्हतं.

क्लेर्व्होच्या मठाचा प्रमुख बर्नार्ड मला तिथूनच पुढं सोबतीला आला. फ्रान्समधला हा संन्यासी 1135 पासून 1153 मध्ये मरेपर्यंत गीतरत्नावर प्रवचनं करत राहिला. 86 प्रवचनं झाली आणि तो तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशीच पोचला. अठरा वर्षांत दोन अध्याय! "तो आपल्या मुखाने मला चुंबन देवो" या आरंभाच्या ओळीवरच तो कितीतरी दिवस थांबला. त्याचं म्हणणं असं की मुखाच्या चुंबनाची घाई करू नका. आधी पायांचं, पश्चात्तापाचं. मग आपल्याला उठवणाऱ्या हाताचं. मुखाचं सगळ्यांत शेवटी. हे मी पूर्वी वाचलं होतं तेव्हा मला ती नुसती पायऱ्यांची मांडणी वाटली होती. वाशीच्या रस्त्यावर, जो तो ज्याच्या त्याच्या पाया पडत असताना, ते मला कळलं.

आणि सव्विसावं प्रवचन. बर्नार्ड गीतरत्नातल्या केदारच्या तंबूंविषयी बोलत असतो, आणि मधेच थांबतो. त्याचा भाऊ जेरार्ड नुकताच गेलेला असतो. पुरताना त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलेलं नसतं, पण इथं, या प्रेमगीताचा अर्थ सांगताना, त्याला पुढं बोलवेना. ज्या पुस्तकात मरणाइतकं बळकट प्रेम लिहिलंय, त्याच पुस्तकावर तो भावासाठी रडला, आणि ते रडणं त्यानं प्रवचनातून काढून टाकलं नाही. मला वाटतं, गीतरत्नावर त्याहून खरं कुणी बोललं नसेल.

दिंडीत तुकोबांचा भेटीच्या आसेचा अभंग सुरू झाला. दिवाळीचं मूळ यायची वाट बघणारी सासुरवाशीण त्यात आहे, आईची वाट बघणारं भुकेलं लेकरू आहे. काकी गाताना थांबल्या आणि म्हणाल्या, "मला कोन न्याला येतंय आता? माझं म्हायेर हेच." त्यांचे मालक जाऊन वीस वर्षं झाली. मी त्यांना त्या पाचव्या अध्यायातल्या पोरीची गोष्ट सांगितली, चालता चालता, सगळी. त्यांनी नीट ऐकलं. "मग घावला का त्यो?" मी म्हटलं, घावला, पुढच्याच अध्यायात. तो आपल्या बागेत गेला होता. आणि ती म्हणते, मी माझ्या वल्लभाची आणि तो माझा. "बागंतच हुता व्हय," काकी म्हणाल्या, आणि बराच वेळ मान हलवत राहिल्या.

शेवटच्या अध्यायातली महापुराची ओळ मी त्यांना सांगायची नव्हते, पण सांगितली: पुष्कळ पाण्यांनी प्रेम विझत नाही, पुरांनी ते बुडत नाही. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट, आणि त्या वर्षी पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती. पूर म्हणजे काय हे आम्हा दोघींना सांगायला नको होतं. "तुझ्या मालकांनी मला पाठुंगळी घिऊन जिना चढवला हुता," काकी म्हणाल्या. हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांनी कधी सांगितलंच नाही.

नंदवाळला दर्शनाची रांग मोठी होती. मी बाहेर पारावर थांबले. काकींनी आग्रह केला नाही, फक्त पिशवी माझ्याकडे दिली. दोन तास मी तिथं बसून होते. वर्षभरानं प्रार्थना आली, आणि तीही फार लहान: प्रभू, मी दारात आहे.

परतीच्या केएमटी बसमध्ये दाटी होती. कशीबशी दोघींना एकाच बाकावर जागा मिळाली. साने गुरुजी वसाहत यायच्या आत काकींना झोप लागली. आठव्या अध्यायात कुणीतरी विचारतं, आपल्या वल्लभावर टेकून रानातून येणारी ही कोण? काकींचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, कपाळावरचा बुक्का घामानं ओघळून माझ्या बाहीला लागला होता. आमचा थांबा आला, गेला. मी हलले नाही.