कपाळावरची नागीण आणि डोळा

तरुण माणसाच्या कपाळावर, एकाच बाजूला, नागीण उठली तर दोन तपासण्या लगेच हव्यात: डोळ्याची आणि एचआयव्हीची. एचआयव्हीची चाचणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत होते आणि गुप्त राहते.

नागीण कांजिण्यांच्याच विषाणूमुळे होते. तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं दबून असतो. सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीच्या, एचआयव्ही नष्ट करतो त्या) घटल्या की डोकं वर काढतो. एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) सुरू झाल्यावर पहिल्या काही महिन्यांतही तो उठतो, कारण परतणारी प्रतिकारशक्ती दाह भडकवते. त्यामुळे ‘नवीन गोळ्या बाधल्या’ असं समजून एआरटी बंद करू नका.

नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्याला धोका फार वाढतो, कारण तिथे आणि बुबुळाला जाणारी नस एकच. शेंडा स्वच्छ असला तरी डोळा वाचलाच असं मात्र नाही.

फोड आल्यापासून ७२ तासांत औषध सुरू झालेलं उत्तम. मोठ्या माणसाला ॲसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, ७ ते १० दिवस. प्रतिकारशक्ती फार खालावली असेल तर डॉक्टर अधिक दिवस देतात. उशीर झाला, तरी एचआयव्ही असलेल्यांना औषध द्यावंच. एआरटीत टेनोफोव्हिर असेल तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधी बघायला हवं, कारण दोन्ही औषधांचा ताण मूत्रपिंडावर येतो. पाणी भरपूर प्या. गेरूचा लेप लावून, नागीण उतरवून घेण्यात हेच तीन दिवस निघून जातात, याचं फार वाईट वाटतं.

स्टिरॉइडचे थेंब दुकानातून स्वतःहून आणू नयेत. काही दाहात ते लागतात, पण बुबुळावर जखम असताना चुकीच्या वेळी पडले तर ती चिघळते. कधी द्यायचे, हे फ्लुओरेसिन (जखम दाखवणारा रंग) घालून स्लिट लॅम्पवर (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावर) पाहिल्याशिवाय ठरत नाही.

खरी फसवणूक पुढे होते. फोड सुकतात, पण बुबुळाची संवेदना गेलेली असते. कचरा गेला तरी खुपत नाही, पापणी कमी मिटते, पृष्ठभाग कोरडा पडून जखम होते आणि दुखतच नसल्याने रुग्ण फूल पडल्यावरच येतो. म्हणून तपासताना सुन्न करणारा थेंब घालण्याआधी कापसाच्या बारीक टोकाने संवेदना पाहावी. ती कमी असेल तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रू नेमाने घालावेत, पापणी नीट मिटत नसेल तर रात्री टेप लावावी आणि दुखत नसलं तरी ठरल्या तारखेला डोळा दाखवावा. सीडी४ फार कमी असेल, तर बाहुली मोठी करून पडदाही बघून घ्यावा.