‘मे’ चे मराठी करताना

आमच्या मनीष नगरमधल्या फ्लॅट स्कीमच्या फाटकावर ‘व्हिजिटर्स मे नॉट पार्क इनसाइड’ अशी इंग्रजी सूचना होती. मराठी पाटी हवी असा काही रहिवाशांनी आग्रह धरला, तेव्हा कोणीतरी मोबाइलवर भाषांतर करून ‘पाहुणे कदाचित आत गाडी लावणार नाहीत’ असा कागद तिच्याखाली चिकटवला. पाहुण्यांनी अर्थातच गाड्या निवांतपणे आत लावल्या. मी भाषांतराचे काम करते, त्यामुळे दुरुस्ती माझ्याकडे आली आणि मी ‘पाहुण्यांनी आत गाडी लावू नये’ असे लिहून दिले. ‘नये’ हे एवढेसे क्रियापद हे काम चोख करते. तथापि, ज्याने तो कागद लिहिला त्याची चूक मला हास्यास्पद वाटली नाही, कारण इंग्रजीत ‘मे नॉट’ चे खरोखरच दोन्ही अर्थ होतात: मनाई आणि ‘बहुधा होणार नाही’ हा अंदाज. संदर्भ डोळ्यांसमोर नसेल तर जाणकारही फसतो.

(नागपुरात ‘मे’ म्हटले की आधी पंचेचाळीस अंशांचे ऊन आठवते, तो भाग वेगळा.)

‘मे’ या इंग्रजी सहायक क्रियापदाचे मूळ जुन्या इंग्रजीत ‘सामर्थ्य असणे’ असे आहे, आणि ताकद या अर्थाचे ‘माइट’ हे नामही त्याच कुळातले. सामर्थ्यावरून शक्यता आणि शक्यतेवरून परवानगी असा त्याचा अर्थ सरकत गेला. आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही, कारण संस्कृतातल्या ‘शक्’ धातूपासून शक्ती आली, शक्य आले आणि आपले रोजचे ‘शकणे’ सुद्धा आले. फरक पुढे पडतो. इंग्रजीने हे सारे अर्थ एकाच शब्दात ठेवले, तर मराठीने ते वेगवेगळ्या घरी पाठवले. अंदाज असेल तर आपण ‘तो घरी असेल’ म्हणतो, परवानगी द्यायची तर ‘बसलात तरी चालेल’, शुभेच्छेसाठी ‘देव तुमचे भले करो’, आणि अधिकार सांगायचा तर ‘करता येईल’. परवानगीसाठी ‘तुम्ही जाऊ शकता’ हे रूप आता सर्वत्र ऐकू येते. त्यात हिंदीची छाया आहे, आणि नागपुरात राहून मीही ते दिवसातून दहा वेळा वापरते, पण लिहिताना टाळते.

कायद्याच्या मराठीत मामला अधिक नाजूक होतो. तिथे बंधन दाखवणाऱ्या ‘शॅल’ साठी ‘करील’ किंवा ‘असेल’ आणि ‘मे’ साठी ‘करता येईल’ असा संकेत आहे. संविधानाच्या पहिल्याच अनुच्छेदात भारत हा राज्यांचा संघ ‘असेल’ असे म्हटले आहे. तिथला ‘असेल’ ठाम विधान करतो, पण तोच ‘असेल’ घरात बोलताना अंदाज दाखवतो, हे सामान्य वाचकाला कोणी सांगत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या चौथ्या कलमात तर ‘मे प्रिझ्यूम’ आणि ‘शॅल प्रिझ्यूम’ यांच्या स्वतंत्र व्याख्याच होत्या. पहिल्यात न्यायालय एखादी गोष्ट गृहीत धरू शकते किंवा तिचा पुरावा मागू शकते. दुसऱ्यात ती खोटी ठरेपर्यंत गृहीत धरण्यावाचून त्याला पर्याय नसतो. चोरीनंतर लगेचच ज्याच्याकडे चोरीचा माल सापडला आणि ज्याला त्याचा खुलासा करता आला नाही, तो चोर असावा किंवा माल चोरीचा आहे हे ठाऊक असूनच त्याने तो घेतला असावा, हे अनुमान पहिल्या प्रकारातले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमानेही हा भेद कायम ठेवला आहे.

विदर्भाच्या माणसाला मात्र ‘मे’ चे वजन संविधानाच्या अनुच्छेद ३७१ च्या दुसऱ्या खंडात कळते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापण्याची विशेष जबाबदारी राष्ट्रपती आदेशाद्वारे राज्यपालांकडे सोपवू शकतात, अशी ती तरतूद १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आली, आणि तिथले क्रियापद ‘मे’ आहे. मंडळे स्थापन झाली १९९४ मध्ये. मधल्या अडतीस वर्षांत संविधानाचा भंग झाला असे कोणालाही म्हणता आले नाही, कारण अधिकार दिलेला होता, मुदत घातलेली नव्हती. एप्रिल २०२० मध्ये मंडळांचा कार्यकाळ संपला, तेव्हाही त्याच क्रियापदाने सर्वांना सांभाळून घेतले. क्रियापदाला दोष देऊन राजकारण सोडून द्यावे असे मला म्हणायचे नाही. पण तिथे ‘शॅल’ असते तर निदान विचारायला जागा राहिली असती.

मागच्या महिन्यात उमरेडकडचे एक वयस्क शेतकरी सिव्हिल लाइन्समध्ये माझ्याकडे एका कार्यालयाचे इंग्रजी पत्र घेऊन आले. त्यात त्यांच्या अर्जाबद्दल एकच वाक्य होते, ‘दि अ‍ॅप्लिकेशन मे बी कन्सिडर्ड’. मी ‘अर्जाचा विचार करता येईल’ असे भाषांतर लिहून त्यांना वाचून दाखवले.

“म्हणजे विचार करतेत का नाही करत?” त्यांनी विचारले.

विचार करण्याचा अधिकार कार्यालयाला आहे, करणारच असे पत्रात लिहिलेले नाही, असे मी समजावून सांगितले. त्यांनी चष्मा पुसला, कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, “मंग तसंच लिहा ना, मॅडम.”

भाषांतरात मला तसे लिहिता येत नव्हते.