चार हजार फोटोंचं लग्न: कुठल्या टप्प्याला कुठलं सॉफ्टवेअर

हळद, लग्न आणि रिसेप्शन मिळून दोन कॅमेऱ्यांतून चार हजार फ्रेम सहज निघतात. सॉफ्टवेअरने एका फोटोवर एक सेकंद जास्त घेतला, तर एवढ्या फोटोंवर तासाहून अधिक वेळ नुसता गोल फिरणारं चिन्ह बघण्यात जातो. सॉफ्टवेअर निवडताना फिचरची यादी बाजूला ठेवा आणि आधी बघा की तुमचा वेळ नेमका कुठल्या टप्प्यावर जातो: कार्ड रिकामं करण्यात, छाटणीत (ठेवायचे आणि टाकायचे फोटो वेगळे करण्यात), रंग जुळवण्यात, पार्टीचं, म्हणजे ग्राहकाचं, सिलेक्शन शोधण्यात की अल्बमची पानं लावण्यात. या पाचही कामांना एकच सॉफ्टवेअर सारखंच वेगवान असेल, असं होत नाही. बहुतेक स्टुडिओत सगळा वेळ एडिटिंगला जातो अशी समजूत असते, प्रत्यक्षात मोठा भाग छाटणीत आणि शोधाशोधीत गेलेला असतो.

कॉपीचा मुद्दा लगेच उरकतो. २४ मेगापिक्सेलची लॉसलेस कॉम्प्रेस्ड रॉ फाइल (कॅमेऱ्याने नोंदलेली, प्रक्रिया न केलेली माहिती, गुणवत्ता न घटवता आवळलेली) साधारण २५ ते ३० एमबीची, म्हणजे चार हजारांचे १०० ते १२० जीबी. जुन्या यूएसबी २ कार्ड रीडरमधून सेकंदाला ४० एमबीच्या आसपास येतात, त्यामुळे १०० जीबीला पाऊण तास लागतो. यूएचएस-२ (वेगवान प्रकारचं) कार्ड आणि तसाच रीडर असेल तर तेच काम सात-आठ मिनिटांत होतं. हा खर्च सॉफ्टवेअरच्या आधी करा. आणि दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. फोटो मेकॅनिक हे कॉपी आणि छाटणीचं सॉफ्टवेअर एकाच वेळी अनेक कार्डं वाचून दोन ठिकाणी कॉपी टाकतं, शिवाय फाइलींना नवी नावंही देतं. ही नावं फार महत्त्वाची आहेत, कारण दोन कॅमेऱ्यांत एकाच नंबरचे फोटो असतात आणि पुढे त्यातूनच घोळ होतो. कॅमेऱ्याचं अक्षर, तारीख आणि नंबर एवढं पुरे.

आता छाटणी, जिथे खरा फरक पडतो. लाइटरूम, कॅप्चर वन यांसारखी सॉफ्टवेअरं रॉ फाइल उलगडून स्वतःचा प्रिव्ह्यू तयार करतात. फोटो मेकॅनिक तसं करत नाही. कॅमेऱ्याने रॉ फाइलच्या आत जो जेपेग ठेवलेला असतो, तोच ते पडद्यावर आणतं. म्हणून बाण दाबला की पुढचा फोटो लगेच हजर. अक्षता पडतानाच्या वीस फ्रेमच्या बर्स्टमधून (सलग टिपलेल्या फोटोंतून) एक निवडायची असते, तेव्हा डोळ्यांना सलग तुलना करता आली पाहिजे. मध्ये अर्धा सेकंद जरी धूसर चित्र दिसलं, तरी मागच्या फ्रेममधले डोळे उघडे होते की मिटलेले हे विसरायला होतं आणि पुन्हा मागे जावं लागतं. वेळ खातं ते हे मागेपुढे जाणं.

फक्त एक लक्षात ठेवा: आतला जेपेग कॅमेऱ्याच्या पिक्चर स्टाइलने बनलेला असतो. त्यात शालूचा पांढरा काठ उडालेला दिसला, तरी रॉमध्ये तपशील शिल्लक असू शकतो. एक्स्पोजरवरून फोटो फेकायचा असेल तर फास्टरॉव्ह्यूअर बरं. ते प्रत्यक्ष रॉचा हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) दाखवतं, किमतीला हलकं आहे, आणि माझ्या मते छोट्या स्टुडिओने सॉफ्टवेअरमधली पहिली खरेदी हीच करावी. निवड करताना खूण म्हणून स्टार वापरा. स्टार एक्सएमपीमधून (फोटोसोबतची माहिती साठवणाऱ्या फाइलमधून) दुसऱ्या सॉफ्टवेअरला नीट पोचतात. प्रत्येकाचे स्वतःचे टॅग आणि फ्लॅग मात्र दुसरीकडे उमटतीलच असं नाही, आणि तसं झालं की दोन तासांची निवड पुन्हा करावी लागते.

वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचं नसेल, तर लाइटरूम क्लासिकमध्ये इम्पोर्ट करताना प्रिव्ह्यूच्या जागी 'एम्बेडेड अँड साइडकार' निवडा. छाटणी लायब्ररीतच (फोटो बघण्याच्या भागात) करायची, डेव्हलपमध्ये (एडिटिंगच्या भागात) जायचं नाही. कॅप्स लॉक चालू ठेवा, म्हणजे पी (ठेवा) किंवा एक्स (बाद) दाबताच पुढचा फोटो आपोआप येतो. वन-टू-वन (पूर्ण आकाराचे) प्रिव्ह्यू बनवून ठेवले की डेव्हलपही वेगात चालेल, असं पुष्कळांना वाटतं. तसं होत नाही. ते प्रिव्ह्यू लायब्ररीसाठी असतात, डेव्हलप रॉवरूनच काम करतं. डेव्हलपला हलकं करायचं असेल तर स्मार्ट प्रिव्ह्यू बनवा. त्याची लांब बाजू २५६० पिक्सेलची असते, आणि परफॉर्मन्सच्या सेटिंगमध्ये मूळ फाइलऐवजी तेच वापरण्याचा पर्याय आहे. जुन्या लॅपटॉपवर याने चांगलाच फरक पडतो. शार्पनेस मात्र मूळ फाइलवरच तपासा.

आफ्टरशूटसारखी छाटणी करून देणारी एआय सॉफ्टवेअरं आता बऱ्याच ठिकाणी आली आहेत. ढिले फोकस आणि एकसारखे फोटो ती छान बाजूला काढतात. पण आपल्या विधींत वधूची नजर खाली असते, कन्यादानाला आईवडिलांचे डोळे मिटलेले असतात, आणि सॉफ्टवेअरच्या लेखी हे 'बंद डोळे' म्हणजे बाद फोटो. त्यामुळे रिसेप्शनचे स्टेजवरचे ग्रुप त्याच्याकडे द्यावेत आणि विधींची छाटणी हाताने करावी.

रंगाच्या कामात लाइटरूम क्लासिक आजही बहुतेकांना पुरतं, आणि त्याचं कारण सिंक, म्हणजे एका फोटोचे बदल बाकीच्यांवर टाकणं. वेग स्लायडर हलवण्यात येत नाही, तो गट पाडण्यात येतो. फोटो वेळेच्या क्रमाने न बघता प्रकाशाच्या गटांत बघा: अंगणातली हळद, हॉलमधले पिवळे दिवे, स्टेजवरचे एलईडी, रात्रीची वरात. त्याआधी दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवलेली हवीत, नाहीतर 'एडिट कॅप्चर टाइम'ने एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो सरकवून घ्या. मग प्रत्येक गटातला एक फोटो नीट करा, कंट्रोल, शिफ्ट आणि एसने बाकीच्यांवर टाका. प्रकाश तोच असून शटर, अ‍ॅपर्चर किंवा आयएसओ बदलल्याने एक्स्पोजर वरखाली झालं असेल, तर 'मॅच टोटल एक्स्पोजर्स' पूर्ण गट एका पातळीवर आणतं. हा पर्याय मेनूत आत दडलेला आहे, म्हणून कित्येकांना ठाऊकच नसतो.

हळदीला ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशाच्या रंगाची आपोआप दुरुस्ती) लावू नका, ना कॅमेऱ्यात, ना सॉफ्टवेअरमध्ये. पिवळी साडी, पिवळा मांडव, झेंडूच्या माळा आणि हळद माखलेले चेहरे यांनी फ्रेम भरली की ऑटो त्या पिवळ्याला प्रकाशाचा दोष समजतं आणि चित्र निळ्याकडे ढकलतं. पुढच्या फ्रेममध्ये पांढरा सदरा आला की पुन्हा वेगळा आकडा. गटासाठी एकच केल्व्हिन (व्हाइट बॅलन्सचा आकडा) ठरवा, एखाद्या पांढऱ्या सदऱ्यावरून किंवा स्टीलच्या तांब्याच्या राखाडी भागावरून तपासा आणि तो आकडा सगळ्यांना द्या. पिवळा जास्त भडक वाटला तर एचएसएलमध्ये (एकेका रंगाच्या स्लायडरांत) पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा, व्हाइट बॅलन्सला हात लावू नका. स्टेजवरचे जांभळे एलईडी मात्र कुठलंच सॉफ्टवेअर पूर्ण काढू शकत नाही, कारण त्या प्रकाशात त्वचेच्या खऱ्या रंगाची माहितीच नोंदलेली नसते. तिथे सॅच्युरेशन उतरवून फोटो सुसह्य करायचा आणि पुढे जायचं.

सिंकमध्ये दोन गोष्टी हमखास बिघडतात. ऑटो सिंक चालू राहिलं आणि तीनशे फोटो निवडलेले असताना एकाला क्रॉप केलं, की तीनशेच्या तीनशे क्रॉप होतात. लगेच लक्षात आलं तर अनडू आहे, दुसऱ्या दिवशी आलं तर काम वाढतं. दुसरी गोष्ट एआय मास्कची, म्हणजे फोटोचा ठरावीक भाग ओळखून तेवढ्यावरच बदल करण्याची. चेहरा किंवा आकाश ओळखणारा मास्क शेकडो फोटोंवर सिंक केला की प्रत्येक फोटोसाठी तो नव्याने मोजावा लागतो. संगणक तिथेच अडतो आणि एक्स्पोर्टही लांबतं. असे मास्क अल्बमला जाणाऱ्या दीडशे-दोनशे फोटोंपुरते ठेवा. डाग काढणं आधी, लेन्स करेक्शन आणि क्रॉप नंतर, मग एकूण टोन, शेवटी मास्क आणि नॉइज (फोटोतले दाणे), या क्रमाने गेलं तर लाइटरूम कमी अडखळतं. एक्सएमपी आपोआप लिहिण्याचा पर्याय मोठ्या कामात बंद ठेवा, प्रत्येक बदलागणिक डिस्कवर लिखाण होत राहतं. काम संपल्यावर सगळे निवडून कंट्रोल एस दाबलं की एकदाच लिहिलं जातं.

कॅप्चर वन कोणासाठी? टेदर लावून (कॅमेरा संगणकाला जोडून) प्रॉडक्ट किंवा फॅशन करणाऱ्यांसाठी, आणि प्रत्येक काम वेगळ्या फोल्डरमध्ये बंद करून ठेवायला आवडणाऱ्यांसाठी. त्याच्या सेशनमध्ये कॅप्चर, सिलेक्ट्स, आउटपुट आणि ट्रॅश असे फोल्डर आपोआप बनतात, आणि पूर्ण सेशन उचलून दुसऱ्या मशिनवर नेता येतं. स्पीड एडिटमध्ये क्यू दाबून माउसचं चाक फिरवलं की एक्स्पोजर बदलतं, स्लायडर शोधावा लागत नाही. हाताला सवय झाली की हे खरोखर वेगवान आहे. त्वचेचा रंग एकसारखा करणारं त्याचं टूल लाल डाग असलेल्या चेहऱ्यांवर सुरेख चालतं, हळदीच्या चेहऱ्यांवर मात्र जपून वापरा, हळदच पुसली जाते.

पैसे द्यायचे नसतील तर डार्कटेबल गंभीरपणे घ्यावं असं सॉफ्टवेअर आहे. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि स्टाइल बनवून शेकडो फोटोंवर एकदम लावता येतात. सुरुवातीला चित्र कॅमेऱ्याच्या जेपेगपेक्षा मळकट वाटतं. तो दोष नाही, पुढचे निर्णय त्याने तुमच्यावर सोडलेले असतात. स्वतःची एक मूळ स्टाइल बनवली की प्रश्न मिटतो. सेटिंगमध्ये ओपनसीएल चालू आहे का ते आधी बघा, ग्राफिक कार्डाची मदत नसेल तर नॉइज काढणारी मॉड्यूल फार रेंगाळतात. कॅमेऱ्याचा रॉ प्रकारही तपासा. निकॉन झेड ८ आणि झेड ९ मधलं 'हाय एफिशियन्सी' रॉ मुक्त सॉफ्टवेअरांना अडचणीचं ठरलं आहे, तिथे लॉसलेस कॉम्प्रेस्डवरच काम करावं.

अंधाऱ्या हॉलमधल्या आयएसओ ६४०० च्या फोटोंना नॉइज काढायला डीएक्सओचं डीपप्राइम किंवा लाइटरूमचं एआय डिनॉइज उत्तम. दोन्ही ग्राफिक कार्डावर अवलंबून आहेत. साध्या लॅपटॉपवर एका फोटोला मिनिटभर किंवा जास्तही लागतं, म्हणून चार हजारांवर हे लावणं शक्य नाही. अल्बमची यादी ठरल्यावर तेवढेच फोटो रात्री लावून ठेवा.

पार्टीचं सिलेक्शन हा टप्पा कोणी मोजत नाही. पार्टी व्हॉट्सअ‍ॅपवर दोनशे नंबर पाठवते आणि स्टुडिओत कोणीतरी एकेक फाइल शोधत बसतं. लाइटरूममध्ये सगळे नंबर मधे स्पेस किंवा स्वल्पविराम ठेवून लायब्ररी फिल्टरच्या टेक्स्टमध्ये पेस्ट करा, फाइलनेम आणि 'कंटेन्स' निवडा. दोनशे फोटो क्षणात समोर येतात. 'कंटेन्स ऑल' निवडलं तर एकही येणार नाही. सुरुवातीला नावं बदलून घेतली असतील तरच हे अचूक चालतं, नाहीतर एकाच नंबरचे दोन्ही कॅमेऱ्यांचे फोटो येतात.

अल्बमला फोटोशॉप टळत नाही. १२ बाय ३६ इंचाचं उघडं पान ३०० डीपीआयला १०,८०० बाय ३,६०० पिक्सेल होतं. आठ बिटमध्ये एकच सपाट थर ११७ एमबीच्या आसपास, आणि रेडिमेड पीएसडीत असे दहा-पंधरा थर असतात. १६ जीबी रॅमवर तीन पानं एकत्र उघडली की मशिन डिस्ककडे धाव घेतं. एक पान उघडा, सेव्ह करा, बंद करा. पानं फक्त फोटोंच्या मांडणीची असतील तर स्मार्टअल्बम्ससारखं सॉफ्टवेअर फारच वेगवान पडतं. मुखपृष्ठावर नावं देवनागरीत असतील तर युनिकोड फॉन्ट घ्या, आणि जुन्या फोटोशॉपमध्ये टाइपच्या सेटिंगमधून दक्षिण आशियाई टेक्स्ट इंजिन चालू करा, नाहीतर 'ज्ञानेश्वरी'तली जोडाक्षरं फुटतात आणि ते छापून आल्यावरच कळतं. लॅबला फाइल एसआरजीबी या रंगप्रोफाइलमध्येच द्या, अ‍ॅडोबी आरजीबीत गेली तर प्रिंट फिकी येण्याचा धोका असतो.

ट्रायल घ्याल तेव्हा कंपनीचे नमुना फोटो वापरू नका. तुमच्याच एका लग्नातले दोनशे फोटो काढा: पन्नास हळदीचे, पन्नास हॉलमधले, पन्नास स्टेजचे, पन्नास रात्रीचे. तुमच्याच मशिनवर घड्याळ लावून चार वेळा नोंदवा: इम्पोर्ट ते पहिली छाटणी सुरू होईपर्यंत, दोनशेची छाटणी, चार गटांचं सिंक, आणि २०४८ पिक्सेलच्या जेपेगचं एक्स्पोर्ट. लॅपटॉप चार्जरला लावलेला असू द्या, बॅटरीवर तो मुद्दाम हळू चालतो. कॅटलॉग (सॉफ्टवेअरची एडिटची नोंद ठेवणारी फाइल) एसएसडीवर ठेवा. आलेले आकडे वीसने गुणले की पूर्ण लग्नाचा अंदाज मिळतो. पहिल्या दिवसाचे आकडे धरू नका, नव्या शॉर्टकटना हात बसायला वेळ लागतो. तिसऱ्या दिवशी तीच चाचणी पुन्हा करा. आणि एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जायचं ठरलं, तर स्टार आणि कीवर्ड बरोबर येतात, रंगाचं काम मात्र येत नाही. म्हणून बदल लग्नसराई संपल्यावर करा, आणि जुन्या कामांच्या पूर्ण आकाराच्या जेपेग आधी एक्स्पोर्ट करून ठेवा.