फुलर्स व्हिंटेज एल आणि थोडा धीर

आज फुलर्स कंपनीची व्हिंटेज एल (एल म्हणजे बिअरचाच एक प्रकार) उघडली एकदाची, लंडनच्या चिझिक भागातली, १९९७ पासून दरवर्षी नवीन काढतात, आणि ८.५ टक्के अल्कोहोल म्हणजे जोरदारच प्रकरण. बाटलीत जिवंत यीस्ट असतं त्यामुळे बूच लावल्यावरही ती लोणच्यासारखी मुरत राहते, लोक वर्षानुवर्षं ठेवून देतात म्हणे (आमच्यानं कुठलं होतंय). बाटली उभी ठेवायची, सावकाश ओतायची, तळाचा गाळ तसाच राहू द्यायचा. आणि बर्फासारखी गार करू नका हो, १२-१३ डिग्री बास, नाहीतर वासच मरतो सगळा. आधी संत्र्याचा मार्मलेड, मग मनुका, टॉफी, मागून कडवटपणा येतो तो जिभेवरून हलतच नाही. चकलीबरोबर तर कमाल लागली! गटागटा प्यायचीय त्यांनी सरळ लागर, म्हणजे आपली नेहमीची हलकी गार बिअर, घ्यावी.