ठोकळ्याचा दोष नव्हता

माझा मुलगा १९ महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या सहा वर्षांच्या ताईने खेळता खेळता फेकलेला लाकडी ठोकळा त्याच्या डाव्या भुवईवर लागला. सूज आली, दोन दिवसांत उतरली. आठवड्याभराने मला त्याचा डावा डोळा किंचित नाकाकडे वळल्यासारखा वाटायला लागला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं, थेंब दिले आणि "मार लागलाय, बसेल हळूहळू" म्हणाले. आम्हालाही पटलं, कारण ठोकळा लागताना आम्ही डोळ्यांनी बघितला होता. त्यात आमचे पाच आठवडे गेले. ते पाच आठवडे दुसऱ्या कुणाचे जाऊ नयेत म्हणून हे लिहिते आहे.

मग एका संध्याकाळी दोघांचा फ्लॅश मारून फोटो काढला. ताईच्या दोन्ही बाहुल्या लाल आल्या होत्या, त्याची उजवीही लाल. डावी मात्र पांढरट पिवळी, मांजराच्या डोळ्यासारखी चमकणारी. पुन्हा काढला, तरी तेच. त्या रात्री मी फोनमधले जुने फोटो एकेक करून मोठे करून बघत बसले. ठोकळा लागण्याच्या दोन महिने आधीच्या एका फोटोत तो मान वळवून हसत होता आणि डाव्या बाहुलीत तशीच पांढरी टिकली होती. आम्ही तो फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

डोळ्यांच्या रुग्णालयात थेंब घालून बाहुली मोठी केली, पडदा तपासला आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना खाली बसायला सांगितलं. रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा कर्करोग. बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो, साधारण १५ ते २० हजार जन्मांमागे एकाला. पांढरी चमक हे त्याचं सगळ्यांत जास्त दिसणारं लक्षण आणि त्याखालोखाल तिरळेपणा. आमच्याकडे दोन्ही होती. त्यांनी हेही सांगितलं की प्रत्येक पांढरी चमक म्हणजे कर्करोग नसतो. मोतीबिंदू असू शकतो, पडद्याचे दुसरे आजार असू शकतात, कधी नुसता कॅमेऱ्याचा कोनही तसा पडतो. पण ते ठरवायला बाहुली मोठी करून पडदा बघावाच लागतो, टॉर्चने भागत नाही.

पुढची तपासणी भूल देऊन. त्यासाठी लेकराला पहाटेपासून उपाशी ठेवायचं. तो खायला मागत रडत होता आणि मी त्याला घेऊन वऱ्हांड्यात फेऱ्या मारत होते. ऑपरेशनपेक्षा मला ती सकाळ जास्त आठवते. भुलेखाली दोन्ही डोळे तपासले, सोनोग्राफी केली. गाठीत कॅल्शियमचे कण दिसले, तीही या आजाराची खूण. मग एमआरआय, गाठ डोळ्याच्या नसेत किंवा मेंदूकडे गेली आहे का ते बघायला. सीटी स्कॅन मुद्दाम टाळला, कारण आजार आनुवंशिक निघाला तर अशा मुलांना किरणोत्सर्गाचा धोका जास्त असतो.

"तुकडा काढून का नाही तपासत?" असं माझ्या नवऱ्याने विचारलं. डॉक्टर म्हणाले, या गाठीला सुई लावली तर पेशी डोळ्याबाहेर पसरू शकतात, म्हणून तो मार्ग इथे वापरत नाहीत. मला हे आधी माहीत असतं तर बरं झालं असतं, कारण घरचे सगळे "बायोप्सी केली का?" हेच विचारत होते.

उजवा डोळा स्वच्छ होता. डाव्यातली गाठ शेवटच्या, ई गटातली, म्हणजे सगळ्यांत वाढलेली. लवकर सापडलेल्या गाठींना केमो, लेझर, गोठवण्याचे उपचार करून डोळा वाचवता येतो. आमच्या बाबतीत डोळा काढणं हाच सुरक्षित मार्ग होता. आम्ही एक रात्र मागितली आणि सकाळी सही केली.

डोळ्याच्या जागी आत एक गोळा बसवतात आणि त्यावर पापण्यांखाली पारदर्शक कवच ठेवतात, खोबणीचा आकार राहावा म्हणून. पट्टी निघाली तेव्हा भयंकर काहीतरी दिसेल असं वाटलं होतं. दिसला तो ओठाच्या आतल्या बाजूसारखा गुलाबी ओलसर भाग. तपासणीत नसेचं कापलेलं टोक स्वच्छ निघालं, त्यामुळे केमो लागली नाही. सहा आठवड्यांनी कृत्रिम डोळा आला. तो पूर्ण गोल नसतो, जाडसर शिंपल्यासारखा असतो. बनवणाऱ्या बाईंनी उजव्या डोळ्याकडे बघत बघत रंग भरले आणि पांढऱ्या भागावर लाल रेशमाचे बारीक धागे लावले, रक्तवाहिन्या म्हणून.

या सगळ्यात ताईकडे कुणाचं लक्ष नव्हतं. भावंड म्हणून तिचेही डोळे तपासायचे होते. तिथे खुर्चीत बसल्यावर तिने डॉक्टरांना विचारलं, "माझ्या ठोकळ्यामुळे त्याचा डोळा काढला का?" इतके दिवस ती हे मनात घेऊन झोपत होती. डॉक्टर तिच्यासमोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "मार लागून ही गाठ होत नाही. ती आरबी-१ नावाच्या जनुकातल्या बिघाडाने होते आणि तुझ्या ठोकळ्याच्या कितीतरी आधीपासून होती." मी फोनमधला तो जुना फोटो तिला दाखवला. तिने तो बराच वेळ हातात धरला. तिचे डोळे ठीक निघाले. मुलाच्या रक्ताच्या तपासणीत तो बिघाड सापडला नाही, तरी तपासण्या चालू आहेत.

आता जपायचा तो उजवा डोळा. नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटचा चष्मा जागेपणी कायम, कारण हे भिंग सहसा फुटत नाही. डोळ्यात रसायन गेलं तर आधी लगेच स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटं धुवायचं, मग दवाखाना. टोकदार काही घुसलं तर मात्र धुवायचं नाही, चोळायचं नाही, घुसलेली वस्तू ओढायची नाही. डोळ्यावर दाब न देता वरून कडक झाकण धरायचं आणि थेट रुग्णालय गाठायचं. हे सगळं लिहिलेला कागद आमच्या दारामागे चिकटवलेला आहे, शाळेतही दिलाय.

तो आता चार वर्षांचा आहे. डावीकडचं बघायला अख्खी मान वळवतो. रस्त्याने चालताना ताई न सांगता त्याच्या डाव्या बाजूला येते आणि त्याचा हात धरते.