आतले नाव, बाहेरचे नाव

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या जिनिंगमध्ये काट्यावरील वजने, गोदामातील गाठी आणि शेतकऱ्यांचे चुकारे यांसाठी तीन वेगवेगळी ॲप्लिकेशन्स आहेत, आणि तिन्हींचे पासवर्ड लिहिलेला पुठ्ठा काट्याच्या खोलीत भिंतीवर टांगलेला असे. तो उतरवण्यासाठी मी सिंगल साइन-ऑनच्या, म्हणजे एकाच लॉगिनने तिन्हींत शिरण्याच्या सोयीच्या, मागे लागलो. गुगलचे लॉगिन सोपे गेले असते. परंतु भर हंगामात इंटरनेट गेले म्हणून कापसाच्या गाड्या थांबवता येत नाहीत. म्हणून कार्यालयातल्याच सर्व्हरवर डॉकरमध्ये (प्रत्येक प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारी प्रणाली) कीक्लोक हे लॉगिन सांभाळणारे सॉफ्टवेअर बसवले.

ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या प्रमाणित पद्धतीत ब्राउझर कीक्लोककडून एक कोड आणतो आणि ॲप्लिकेशन तो कोड थेट कीक्लोकला देऊन टोकन, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, घेते. गोम इथेच आहे. ब्राउझर कीक्लोकला सर्व्हरच्या आयपी पत्त्याने ओळखत होता, तर ॲप्लिकेशनचा कंटेनर कंपोज फाइलमधील (कोणते कंटेनर कसे चालवायचे याची यादी) सर्व्हिसच्या नावाने. टोकनवर ‘इश्युअर’ (टोकन देणारा) म्हणून ब्राउझरकडचा पत्ता येई, ॲप्लिकेशन आतल्या नावाची अपेक्षा करी, आणि ही दोन्ही अक्षरशः सारखी असावी लागत असल्याने प्रवेश नाकारला जाई. ‘लोकलहोस्ट’ (म्हणजे ‘हेच यंत्र’) लिहूनही पाहिले. पण कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतःच.

इश्युअरची तपासणीच बंद करावी, असा सल्ला पुष्कळ जण देतात. पावती जुळत नाही म्हणून वजन करणेच सोडून देण्याचा हा प्रकार मला मान्य नाही. मी कार्यालयाच्या राउटरवर एक नाव नोंदवले, तेच नाव डॉकरच्या नेटवर्कमध्ये रिव्हर्स प्रॉक्सीला (बाहेरून आलेल्या विनंत्या योग्य कंटेनरकडे पोचवणाऱ्या प्रोग्रॅमला) उपनाव म्हणून दिले आणि कीक्लोकच्या होस्टनेमच्या सेटिंगमध्येही तेच लिहिले, म्हणजे आत-बाहेर नाव एकच झाले. एचटीटीपीएससाठी (सुरक्षित जोडणीसाठी) स्वतः तयार केलेले प्रमाणपत्र संगणकांवर बसवले होते. ते ॲप्लिकेशनच्या कंटेनरमध्येही बसवावे लागते, हे उमगायला अर्धा दिवस गेला.

मध्यंतरी माझ्याच घाईने एक घोळ झाला. कीक्लोकच्या डेव्हलपमेंट (चाचणीच्या) मोडमधला डेटाबेस कंटेनरच्या आतच होता, व्हॉल्यूम (कंटेनरबाहेरची कायमची साठवण) जोडलेला नव्हता. ‘कंपोज डाउन’ या आज्ञेने कंटेनर काढून टाकताच सगळी खाती गेली. आता पोस्टग्रेस हा डेटाबेस वेगळ्या व्हॉल्यूमवर आहे.

पाळी बदलताना एकातून बाहेर पडल्यावर उरलेल्या दोन ॲप्लिकेशन्समध्ये आधीच्याच माणसाचे नाव राहते, म्हणून सध्या बॅक-चॅनल लॉगआउट जोडत आहे. तिथे कीक्लोक स्वतः ॲप्लिकेशन्सना निरोप देते. तेव्हा त्यांचे पत्ते कीक्लोकच्या कंटेनरमधून सापडतात का, हे आता उलट बाजूने तपासावे लागत आहे.